वर्षाकाठचे काम : भारत इतिहास संशोधक मंडळाची शंभर वर्षे

७ जुलै १९१० रोजी, म्हणजे शके १८३२ च्या आषाढ शुद्ध प्रतिपदेला, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील मेहेंदळे वाड्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. संस्थापक दोघे : इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे. एकाने आयुष्य कागदांच्या शोधाला वाहिलेले, दुसऱ्याच्या घराण्याचे नाव त्या कागदांतूनच वारंवार येणारे. पानिपतच्या छावणीत डिसेंबर १७६० मध्ये पडलेले बळवंतराव मेहेंदळे याच घराण्यातले, आणि राजवाड्यांनी संपादिलेला साधनांचा पहिला खंडही पानिपतच्याच काळाचा. मंडळाच्या जन्मासाठी याहून योग्य जागा पुण्यात शोधूनही सापडली नसती.

शताब्दीच्या निमित्ताने मंडळाचा इतिहास लिहिताना मोठ्या समारंभांची यादी देण्याचा मोह होतो. पण मंडळाची जुनी इतिवृत्ते चाळली की ध्यानात येते, की ही संस्था समारंभांवर उभी राहिलेली नाही. कागद मिळवायचे, लावायचे, वाचायचे, सभेपुढे ठेवायचे, छापायचे आणि वर्षअखेरीस त्याचा हिशेब समाजाला द्यायचा, हा क्रम तिने धरला आणि तोच तिच्या टिकण्याचे कारण ठरला. पुढील पानांत या क्रमाची दशकवार हकीकत आहे.

पूर्वपीठिका : १९१० पूर्वी

ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्यातील उणिवा मराठीत पहिल्यांदा नेटाने मांडल्या त्या नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने, १८६०च्या दशकात. टीका करणे एक आणि तिला पुरावा जोडणे दुसरे. हे दुसरे काम १८७८ साली 'काव्येतिहास संग्रह' मासिकाने हाती घेतले. काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांनी बखरी व पत्रे टिपांसह छापण्याचा पायंडा पाडला. पुढे मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दफ्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढला, साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी मोठा संग्रह जमवला, आणि १८९८ पासून राजवाड्यांचे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे खंड निघू लागले. त्यांची संख्या अखेर बावीसवर गेली.

ही सारी कामे थोर होती, पण एकेकट्याची होती. संपादक थकला की मासिक थांबे, पैसा संपला की खंड अडे. पुण्यातले पेशवे दफ्तर सरकारी ताब्यात होते आणि खासगी संशोधकाला तेथे मोकळा प्रवेश नव्हता. उरली ती घराघरांतली दफ्तरे. तीही सहजासहजी उघडत नसत. १८५२ च्या इनाम कमिशनने अनेक घराण्यांची इनामे तपासणीखाली आणली होती. त्यामुळे 'कागद दाखवावा तर उत्पन्न जाईल' ही धास्ती दोन पिढ्यांनंतरही गेलेली नव्हती. दुसरीकडे, ज्यांना कागदांचे महत्त्वच उरले नव्हते त्यांच्या माळ्यावर वाळवी आपले काम करीत होती आणि काही रुमाल वाण्याच्या पुड्यांसाठी जात होते.

राजवाडे गावोगाव पायी हिंडले. स्वतःच्या हाताने स्वयंपाक करावा, मिळेल तिथे पथारी टाकावी आणि घरमालकाचा विश्वास बसेपर्यंत थांबावे, अशी त्यांची रीत. अशा भ्रमंतीतूनच त्यांची खात्री झाली की हे एका माणसाच्या आयुष्यात उरकणारे काम नव्हे. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या चालणारी संस्था हवी. मंडळ हे त्या खात्रीचे फळ.

पहिले दशक (१९१० ते १९१९) : वाड्यातली सभा

आरंभी मंडळाजवळ इमारत नव्हती, निधी नव्हता, नोकरवर्ग नव्हता. होता तो मेहेंदळे वाड्यातला दिवाणखाना आणि इतिहासाचे वेड घेतलेली मोजकी माणसे. त्यांत शिक्षक होते, वकील होते, सरदार होते, पेन्शनर होते. नियम साधा ठेवला गेला : ज्याला जे सापडले असेल ते त्याने सभेत आणावे, वाचावे आणि त्यावर होणारी चर्चा ऐकून घ्यावी. एखादे पत्र, ताम्रपट, नाणे, शिलालेखाचा ठसा, जुन्या पोथीचे पान, काहीही चाले. चालत नसे ते फक्त पुराव्यावाचून केलेले विधान.

या सभांचे वृत्त 'वार्षिक इतिवृत्त' या नावाने छापले जाऊ लागले. शके १८३५ पासून वार्षिक संमेलनेही भरू लागली आणि त्यांची 'संमेलन वृत्ते' निघाली. आज ही पुस्तके हातात घेतली तर कागद पिवळा पडलेला दिसतो, पण मजकूर जुना झालेला नाही. कोणी कोणता कागद कोठून आणला, तो कोणाच्या घरचा, त्यावर कोणती मिती आहे, शिक्का आहे की नाही, हे सारे तिथे नोंदलेले आहे. मंडळाची शिस्त याच नोंदींनी घडवली.

या दशकातली सर्वांत मोलाची भर म्हणजे जेधे शकावली. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातला हा कागद लोकमान्य टिळकांच्या हाती आला आणि त्यांनी तो १९१६ साली मंडळाच्या चतुर्थ संमेलन वृत्तात प्रसिद्ध केला. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे इ. स. १६२७ मध्ये झाला, असे तोवर सर्वत्र मानले जाई. शकावलीतली नोंद मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० अशी होती. नुसत्या एका नोंदीवर परंपरेची तिथी बदलावी काय, यावर पुढे कित्येक वर्षे वाद झाला. 'शिवभारत' या समकालीन संस्कृत काव्यातून आणि राजस्थानात जोधपूरकडे मिळालेल्या जन्मकुंडलीतून त्या नोंदीला दुजोरा मिळत गेला. राज्य शासनाने अखेर हीच तारीख स्वीकारली. गावच्या देशमुखाच्या घरात जपलेल्या चार बंदांनी हे घडवले. मंडळ कागद का जमवते, या प्रश्नाला याहून नेमके उत्तर नाही.

दशकाच्या उत्तरार्धात राजवाडे यांचे वास्तव्य पुण्याबाहेर, विशेषतः धुळ्याकडे, अधिक राहू लागले. कामाची धुरा नव्या कार्यकर्त्यांकडे आली. त्यांत दत्तो वामन पोतदार हे नाव पुढे सहा दशके मंडळाशी जोडलेले राहिले. संस्थापकाचा दरारा मोठा होता. तो नसताना संस्था चालवून दाखवण्याची जबाबदारी त्याहून अवघड होती. त्या पिढीने ती पार पाडली.

दुसरे दशक (१९२० ते १९२९) : त्रैमासिक आणि शिवचरित्र

१९२० साली मंडळाचे त्रैमासिक सुरू झाले. वर्षातून एकदा निघणाऱ्या वृत्तात मावणार नाही इतके साहित्य आता जमू लागले होते. त्रैमासिकाने दोन गोष्टी साधल्या. पुण्याबाहेरच्या अभ्यासकाला आपला शोध पाठवायला हक्काची जागा मिळाली. आणि एखाद्याने मांडलेले मत पुढच्याच अंकात दुसऱ्याने खोडून काढावे, अशी खुली तपासणी सुरू झाली. या पानांवर कडक शब्दांचे खटके उडाले आहेत. पण वाद करणारे दोघेही पुढच्या सभेला एकाच बैठकीवर येऊन बसत, हेही तितकेच खरे.

शिवकालाच्या साधनांवर या दशकात झालेले काम आजही पायाभूत मानले जाते. १९२५ साली दत्तात्रय विष्णु आपटे आणि सदाशिव महादेव दिवेकर यांनी संपादिलेला 'शिवचरित्रप्रदीप' निघाला. त्यात शकावल्या आणि करीने एकत्र आले. पाठोपाठ 'शिवचरित्रसाहित्य' या मालेचा आरंभ झाला. देशमुख-देशपांड्यांच्या, पाटील-कुलकर्ण्यांच्या घरांतले महजर, निवाडे, इनामपत्रे आणि अभयपत्रे या मालेत खंडामागून खंडांत छापली गेली. तंजावरच्या सरस्वती महालात मिळालेले कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत' दिवेकरांनी १९२७ साली मराठी भाषांतरासह प्रकाशात आणले. वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी 'साधन-चिकित्सा' लिहून शिवकालीन साधने कशी पारखावीत याची चर्चा केली. साधने छापणे आणि साधने तपासण्याची रीत घालून देणे, ही दोन्ही कामे एकाच काळात झाली हे विशेष.

राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले. त्यांच्या संग्रहाच्या जपणुकीसाठी अवघ्या काही दिवसांत, जानेवारी १९२७ मध्ये, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. यवतमाळला यशवंत खुशाल देशपांडे यांनी शारदाश्रमाच्या द्वारे वऱ्हाडातील साधने जमवली. पुण्याच्या मंडळाला हे प्रतिस्पर्धी वाटले नाहीत. गावोगावचा कागद गावाजवळच सांभाळला जावा, ही राजवाड्यांची इच्छा अशा संस्थांनीच पुरी केली.

तिसरे दशक (१९३० ते १९३९) : पुण्याबाहेरची ओळख

दशकाच्या आरंभी 'शिवकालीन पत्रसारसंग्रह' निघाला. नरसिंह चिंतामण केळकर आणि द. वि. आपटे यांच्या संपादकत्वाखाली शिवचरित्र कार्यालयाने केलेल्या या कामात मराठी, फारसी, इंग्रजी, पोर्तुगीज आणि डच साधनांतील पत्रांचा सारांश कालक्रमाने लावला आहे. अमुक महिन्यात महाराज कोठे होते, वखारवाले सुरतेहून काय लिहीत होते, विजापूर दरबारातून कोणते फर्मान सुटले, हे एका पानावर पाहण्याची सोय प्रथम झाली.

याच सुमारास सरकारने पेशवे दफ्तर गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडून तपासून घेतले आणि त्यातले निवडक कागद पंचेचाळीस खंडांत छापले. ज्या दफ्तराचे दार बंद म्हणून मंडळाने घराघरांतून कागद वेचले, ते दार थोडे किलकिले झाले. दरबारी कागद आणि घरगुती कागद ताडून पाहण्याचे नवे काम त्यामुळे अंगावर आले. पुण्याबाहेरच्या थोर इतिहासकारांशी या काळात मतभेद झाले, त्यांचा गाजावाजाही झाला. आज त्यातले तिखट शब्द कोणाला आठवत नाहीत. वादासाठी म्हणून दोन्ही बाजूंनी शोधून काढलेले कागद मात्र राहिले.

गणेश हरि खरे मंडळात आले ते याच वळणावर. संग्रहाची देखभाल हे त्यांचे काम. ते करता करता त्यांनी फारसी आत्मसात केली, नाणी, ताम्रपट, मूर्ती आणि शिलालेख यांवर प्रभुत्व मिळवले. 'ऐतिहासिक फारसी साहित्य' या त्यांच्या मालेचा पहिला खंड १९३४ मध्ये निघाला. पुढे सहा खंड झाले. आदिलशाही फर्माने मूळ फारसी आणि मराठी भाषांतर अशी शेजारी शेजारी ठेवल्याने केवळ मराठी जाणणाऱ्या अभ्यासकालाही दख्खनच्या दरबाराचा व्यवहार कळू लागला. 'दक्षिणेच्या मध्ययुगीन इतिहासाची साधने' ही त्यांची दुसरी माला. १९३९ साली आलेले 'मूर्तिविज्ञान' हे पुस्तक तर देवळात जाणाऱ्या सामान्य वाचकापर्यंत पोहोचले.

१९३५ हे रौप्यमहोत्सवाचे वर्ष. त्या निमित्ताने मंडळाच्या विद्यमाने पुण्यात अखिल भारतीय स्वरूपाची इतिहास परिषद भरली. अलाहाबादचे सर शफाअत अहमद खान अध्यक्ष होते. ही परिषदच पुढे भारतीय इतिहास परिषद म्हणून देशभर प्रतिष्ठा पावली. एका वाड्यातल्या दिवाणखान्यात सुरू झालेल्या संस्थेने पंचवीस वर्षांत देशातल्या इतिहासकारांना एकत्र बसवले, याचा उल्लेख मंडळाच्या प्रत्येक इतिहासात आला पाहिजे. परिषदेच्या पाहुण्यांची उतरण्याची सोय, निबंधांची छपाई, प्रदर्शनाची मांडणी हे सारे करणारे बहुतेक कार्यकर्ते दिवसा नोकरी करणारे होते.

चौथे दशक (१९४० ते १९४९) : दफ्तरे छापण्याचे दिवस

महायुद्धाच्या काळात छपाईचा कागद दुर्मिळ झाला, दर वाढले, वर्गणीदार घटले. तरी या वर्षांत मंडळाने घराण्यांची दफ्तरे छापण्याचे काम सोडले नाही. सासवडच्या पुरंदरे घराण्याच्या दफ्तराचे खंड आधीच आले होते. आता हिंगणे दफ्तर हाती घेतले गेले. हिंगणे हे दिल्लीतील मराठ्यांचे वकील. बादशाही दरबारातले बेत, रोहिल्यांच्या हालचाली, जाटांशी चाललेली बोलणी, पुण्याहून न येणारा पैसा, हे सारे त्यांच्या पत्रांत रोजच्या रोज उतरलेले. अठराव्या शतकातल्या दिल्लीचा इतिहास या पत्रांशिवाय लिहिता येत नाही.

शंकर नारायण जोशी यांच्यासारख्या संपादकांनी मंडळाच्या खंडांसाठी घेतलेले कष्ट मुखपृष्ठावर दिसत नाहीत. आणि ज्यांची नावे मुखपृष्ठावर यायची नव्हतीच, अशांचे ऋण त्याहून मोठे आहे. मोडीवरून बाळबोधीत नक्कल करणारे लेखनिक, अनोळखी शब्द खिळ्याखिळ्याने बसवणारे जुळारी, सायंकाळी सभेची बैठक घालून रात्री दिवे मालवणारे शिपाई, हे सारे मंडळाचे घडवणारेच. इतिवृत्तांत त्यांचा उल्लेख 'कार्यालयीन मंडळी' एवढाच येतो. या स्मरणिकेत त्यांना कृतज्ञतेने वंदन.

पाचवे दशक (१९५० ते १९५९) : वतने गेली, कागद मोकळे झाले

१९५० साली मुंबई राज्यात परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा झाला. पाटीलकीचे वतन त्यानंतर बारा वर्षांनी गेले. मंडळाच्या कामावर या कायद्यांचा परिणाम दुहेरी झाला. तोवर वतनदार घराणी जुने कागद जिवापाड जपत, कारण हक्काचा पुरावा त्यांत होता. हक्कच संपल्यावर कागद दाखवण्याची भीती गेली आणि अनेक पेट्या उघडल्या. पण भीतीबरोबर गरजही गेली. जपण्याचे कारण संपल्याने कित्येक दफ्तरे रद्दीच्या तराजूवर चढली. ती तेथे पोहोचण्याआधी गाठणे, हे या दशकातले खरे काम होते.

याच काळात शाळांमधून मोडी मागे पडली. ज्या लिपीत तीनशे वर्षांचा व्यवहार लिहिला गेला ती वाचणारे घरातले शेवटचे माणूस म्हणजे आजोबा, अशी स्थिती आली. मोडी शिकवणे ही आता मंडळाचीच जबाबदारी झाली. ग. ह. खऱ्यांचे 'संशोधकाचा मित्र' हे पुस्तक या गरजेतून आले. नवख्याला कालगणना, लिप्या, संदर्भसाधने यांची ओळख करून देणारे असे पुस्तक तोवर मराठीत नव्हते. पुढे शिवचरित्राचे व्याख्याते म्हणून घरोघर माहीत झालेले ब. मो. पुरंदरे यांनीही तरुणपणी मंडळात खऱ्यांच्या हाताखाली उमेदवारी केली.

सहावे आणि सातवे दशक (१९६० ते १९७९) : पोतदार पर्वाची सांगता

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर इतिहासाचे काम अनेक ठिकाणी सुरू झाले. विद्यापीठांतील विभाग वाढले, शासनाची पुराभिलेख व दर्शनिका खाती कामाला लागली, विश्वकोशाची योजना आली. या सर्वांना साधनांसाठी मंडळाच्या कपाटांकडे यावे लागले. दत्तो वामन पोतदार १९६१ ते १९६४ या काळात पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. पण मंडळाशी त्यांचा संबंध सुटला नाही. त्यांच्या बोलण्यात तिथ्या, घराणी आणि किस्से यांचा असा ओघ असे की सभेनंतर निम्मी सभा त्यांच्याभोवती पुन्हा भरे.

शिवजन्मतिथीच्या निर्णयासाठी शासनाने १९६६ साली नेमलेल्या समितीत पोतदार, खरे, बेंद्रे आणि पुरंदरे ही मंडळाच्या परंपरेशी जवळीक असलेली मंडळी होती. एकमत झाले नाही. पण मतभेदाचा प्रत्येक मुद्दा कागदावर आला, आणि पुराव्यांची इतकी बारीक छाननी दुसऱ्या कोणत्याही तिथीच्या वाट्याला आलेली नाही.

६ ऑक्टोबर १९७९ रोजी पोतदार गेले. साठ वर्षांहून अधिक काळ त्यांनी चिटणीस, कार्याध्यक्ष अशा नात्यांनी संस्था सांभाळली. सभागृहाला त्यांचे नाव आहे, आणि सभा आजही तेथेच भरतात.

आठवे ते दहावे दशक (१९८० ते २०१०) : जमवण्याकडून जपण्याकडे

५ जून १९८५ रोजी ग. ह. खरे यांचे निधन झाले आणि एक पिढी संपली. त्यांच्यानंतर आलेल्यांपुढचा प्रश्न वेगळा होता. पूर्वसूरींनी जमवलेला संग्रह आज सुमारे पंधरा लाख कागदांचा आहे. मराठी, मोडी, फारसी, संस्कृत, पोर्तुगीज, इंग्रजी अशी सुमारे तीस हजार हस्तलिखिते, चार हजारांच्या आसपास नाणी, हजारभर चित्रे, शिवाय मूर्ती, ताम्रपट आणि शिलालेख. हे सारे टिकवायचे कसे?

जुन्नरी आणि दौलताबादी हातकागद चिवट असतो. काजळीची शाई पाण्याने पसरते, पण उजेडाने सहसा विटत नाही. बोरूने लिहिलेले दोनशे वर्षांपूर्वीचे पत्र म्हणूनच कालच्यासारखे वाचता येते. शत्रू दुसरेच आहेत : पुण्याचा पावसाळा, वाळवी, कसर, घडीवर घडी पडून झिजलेला बंद, आणि हाताळणाऱ्याचा घामेजलेला अंगठा. एक कागद दुरुस्त करायचा तर आधी घडी उलगडून सपाट करायची, धूळ मऊ कुंचल्याने झाडायची, फाटलेल्या जागी पातळ पारदर्शक कागदाचा आधार द्यायचा आणि तो वाळेपर्यंत दाबाखाली ठेवायचा. या कामात घाई चालत नाही. पंधरा लाखांचा हिशेब डोळ्यांपुढे आणला म्हणजे कामाचा आवाका कळतो.

अभ्यासाचा ओघही थांबला नाही. गजानन भास्कर मेहेंदळे यांच्या 'श्री राजा शिवछत्रपती' या विस्तृत चरित्राने विसाव्या शतकाच्या अखेरीस मूळ साधनांकडे परतण्याचा राजवाड्यांचा आग्रह पुन्हा जागवला. निनाद बेडेकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी किल्ल्यांवर आणि व्याख्यानांतून तरुणांना साधनांची गोडी लावली. त्या तरुणांपैकी अनेक जण पुढे मोडीच्या वर्गात येऊन बसले.

आजचे काम : वर्षाचा क्रम

मंडळाचे वर्ष आजही जुन्याच वळणाने चालते. सभा ठरल्या दिवशी भरतात. निबंध वाचला जातो, प्रश्न विचारले जातात, आणि 'याला आधार काय?' हा प्रश्न विचारताना वक्त्याचे वय वा मान पाहिला जात नाही. त्रैमासिक निघते. ग्रंथालय आणि दफ्तरखाना अभ्यासकांसाठी उघडे असतात. शाळकरी मुलांपासून निवृत्त अधिकाऱ्यांपर्यंत सारे मोडी शिकायला येतात. वर्धापनदिनी वर्षाचा आढावा समाजापुढे ठेवला जातो.

बाहेरच्या माणसाला या कामाची कल्पना यावी म्हणून एकच उदाहरण देतो. एका पत्राच्या शेवटी 'छ ५ रमजान, सन सीत सबैन मया व अलफ' असे असते. वर्ष लिहिलेले आहे अरबी अंकशब्दांत : सहा, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन ११७६. त्याला जंत्री लावायची, रमजानचा महिना कोठे पडतो ते पाहायचे, आणि मग पत्र १७७५ च्या ऑक्टोबरअखेरचे ठरते. पण एवढ्याने भागत नाही. अक्षर त्या काळाचे आहे का, मायना लिहिणाऱ्याच्या दर्जाला साजेसा आहे का, शिक्का खरा की मागाहून उठवलेला, हे पाहिल्यावरच पत्र पुराव्यात घेता येते. वतनाच्या भांडणांसाठी बनावट कागद त्या काळीही होत. असे एक पत्र तपासायला कधी एक दुपार पुरते, कधी एक पावसाळा जातो.

या शंभर वर्षांत मंडळाची आर्थिक विवंचना सुटली नाही. वर्गणीदारांच्या छोट्या रकमा, देणगीदारांचा हात, अधूनमधून मिळणारे शासकीय साहाय्य यांवर संसार चालला. कार्यकर्त्यांत मतांची भिन्नता होती, आणि असणारच. विचार करणारी माणसे एका छपराखाली आली की ती असते. पण मंडळाचा कागद कोणाच्या घरी राहिला नाही, तो मंडळातच राहिला. संस्थेची कसोटी याहून वेगळी ती कोणती?

राजवाड्यांनी संकल्पिलेले काम पुरे झालेले नाही. छापलेल्या कागदांपेक्षा न छापलेल्या कागदांची संख्या कितीतरी पटीने मोठी आहे, आणि मोडी, फारसी ही दोन्ही सहज वाचणारे अजून फार थोडे आहेत. पुढच्या शतकातील कामाची दिशा यातूनच ठरते : संग्रहाच्या पूर्ण सूच्या, नाजूक कागदांची छायाचित्रे घेऊन मूळ प्रतींना विश्रांती, आणि वाचणाऱ्यांची नवी पिढी.

वाचकांना मंडळाची एक विनंती आहे. आपल्या घरी, गावी, माळ्यावर वा देवघरातल्या पेटीत जुने कागद असतील तर ते जाळू नका, नदीत सोडू नका, रद्दीत देऊ नका. उन्हात वाळवू नका आणि डिंक किंवा चिकटपट्टी लावून दुरुस्तही करू नका. कोरड्या सुती फडक्यात बांधून, ते कोणाच्या घरचे व कोठे सापडले एवढे चिठ्ठीवर लिहून, मंडळात वा आपल्या जवळच्या संशोधन संस्थेत आणून दाखवा. कागद द्यायचा नसेल तर देऊ नका. नक्कल करून मूळ आपल्याकडे परत येईल. आणि ज्यांच्याकडे कागद नाहीत, त्यांनी मोडीच्या पुढच्या वर्गात नाव घालावे. वाचणारे हवे आहेत.